मदत हवी आहे : वसुलीवाल्यांशी तडजोड कशी करावी?

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या भावाची नोकरी मार्चमध्ये गेली आणि पर्सनल लोनचे पाच हप्ते थकले. मुद्दल १,८०,००० रुपये उरलंय. दंड-व्याज धरून कर्ज देणारी कंपनी २,३५,००० सांगतेय. पैसे बुडवायचे नाहीत, द्यायचेच आहेत, पण एकरकमी तेवढे नाहीत.

वसुली एजंट म्हणतो, "३१ तारखेपर्यंत १,१०,००० भरा, फाइल बंद करतो." लेखी मागितलं की टाळतो. "आधी भरा, मग पत्र." वर पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर टाकायला सांगतोय. मला हे अजिबात पटत नाही.

परवा रात्री साडेनऊला त्याने आईला फोन केला. भाऊ घरी नव्हता. फोन ठेवल्यावर आई भाजी तशीच गॅसवर ठेवून ओट्याला टेकून उभी होती, करपल्याचा वास आला तेव्हा कळलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत, म्हणून कॉलची नोंद जपून ठेवलीय. कंपनीकडे लेखी तक्रारही केलीय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार.

कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा : सेटलमेंटचं पत्र थेट कंपनीकडून कसं मिळवलंत? ती रक्कम दोन-तीन हप्त्यांत देता आली का? आणि सिबिलमध्ये (कर्जफेडीच्या नोंदीत) 'सेटल्ड' म्हणजे कमी रकमेत मिटवल्याचा शेरा पडला की पुढे घरासाठी कर्ज मिळताना किती अडलं? त्यापेक्षा मुदत वाढवून पूर्ण फेडणं बरं का?