चोक चेनवाला ट्रेनर नकोच
एका ताईंनी विचारलंय की ट्रेनर म्हणतो चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) आणा आणि तीन आठवडे कुत्रा आमच्याकडेच ठेवा, तर ठेवू का. प्लीज नका ठेवू. आम्ही दादरला राहतो, आमच्या राणीला अशाच एकाकडे नेलेलं, त्याने पहिल्याच दिवशी गळ्याला असा झटका दिला की ती किंचाळली आणि मग दोन महिने नुसता पट्टा हातात घेतला तरी सोफ्याखाली जाऊन बसायची, अजून आठवलं की पोटात तुटतं.

ट्रेनरला सरळ विचारा, कुत्रा चुकला की काय करता? आणि मी समोर बसलेली चालेल ना? इथे टाळाटाळ केली तर नमस्कार करून निघा. "अल्फा बना", म्हणजे कुत्र्यावर वचक ठेवणारा कळपाचा म्होरक्या बना, म्हणणारेही भेटतील. ती कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांवरून आलीये, लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ मध्येच लिहिलंय की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. आणि कुत्र्याला मारहाण करणं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेच गुन्हा आहे.

कुत्रा गुरगुरला म्हणून ओरडू नका हं, तो सांगतोय की मला त्रास होतोय. अचानक सुरू झालं असेल तर आधी डॉक्टर, पावसाळ्यात कान खूप दुखतात त्यांचे. आणि वॉकला वास घेऊ द्या निवांत, पाऊस असला तर जुन्या टॉवेलच्या घड्यांमध्ये खाऊ लपवून शोधायला लावा, राणी दहा मिनिटांत दमून झोपते.