लाइन जाते, नेट सुस्त: वेबसाइटच्या फाइलींचा बॅकअप कसा ठेवावा?

दारव्हा_वेब:
राजेहो, नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या गावातून सहा वर्डप्रेस साइट सांभाळतो. डेस्कटॉपवर एक्झॅम्पमध्ये (घरच्या कॉम्प्युटरवर साइट चालवणारा प्रोग्राम) सगळं मिळून ४० जीबी, त्यातले ३० जीबी नुसते फोटो. लाइन दिवसातून तीन-चारदा जाते, नेट मोबाइलचं, दिवसाला २ जीबी. सध्या एक्झॅम्पचं फोल्डरच रोज पेनड्राइव्हवर कॉपी करतो. एवढ्यावर भागते का? आणि डेटाबेस परत टाकला की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं का येतात?

टेबलवाला:
आधी प्रश्नचिन्हांचं. डम्प (डेटाबेसची मजकूर-फाइल) घेताना कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) लॅटिन१, म्हणजे फक्त रोमन अक्षरांचा असला, किंवा ज्या टेबलात परत टाकता ते लॅटिन१ असलं, की देवनागरी अक्षर त्यात बसत नाही आणि जागेवर प्रश्नचिन्ह लिहिलं जातं. तो मजकूर गेला, त्या फाइलीतून परत निघत नाही. टोप्या-टिंबं लावलेल्या रोमन अक्षरांचा कचरा दिसत असेल तर मात्र बहुतेकदा वाचवता येतो.

मायएसक्यूएलडम्प (डम्प काढायची आज्ञा) चालवताना डीफॉल्ट-कॅरेक्टर-सेट यूटीएफ८एमबी४ द्या, त्यात देवनागरी बसते, परत टाकतानाही तोच. सोबत सिंगल-ट्रान्झॅक्शन लावा, म्हणजे इनोडीबी प्रकारची सगळी टेबलं एकाच क्षणाची मिळतात. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये बाणाच्या चिन्हाने फाइल काढू नका, ती यूटीएफ-१६ होते आणि आत जात नाही. रिझल्ट-फाइल हा पर्याय वापरा.

चालू मायएसक्यूएलचं (डेटाबेस चालवणारा प्रोग्राम) डेटा फोल्डर, जे तुमच्या एक्झॅम्पच्या फोल्डरातच असते, कॉपी करणं हा बॅकअप नव्हेच. कॉपी होईस्तोवर आतल्या फाइली बदलतात, एकीचा दुसरीशी मेळ राहत नाही.

डिस्क_भाऊ:
पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक, ठेवणीला नाही. फॅट३२ फॉरमॅट असेल तर ४ जीबीची फाइलही त्यात मावत नाही. एक्सफॅट फॉरमॅटला जर्नल (बदलांची नोंदवही) नसते, लिहिता लिहिता लाइन गेली की फाइलींचा तक्ताच बिघडू शकतो. १ टीबीच्या दोन यूएसबी हार्ड डिस्क घ्या, एनटीएफएस फॉरमॅट करा, आठवड्याआड अदलाबदल करा. एक घरी, दुसरी दुसऱ्या गावी. डेस्कटॉपला यूपीएस पाहिजेच.

कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात. लावून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाइलीही रॅन्समवेअर (खंडणी मागणारा व्हायरस) कुलूपबंद करते. अन् मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत तर ठेवूच नका. रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी-आज्ञेचा मिर पर्याय जपून: इकडे चुकून उडवलेलं तिकडूनही उडते.

गिट_वऱ्हाड:
स्वतः लिहिलेल्या थीम-प्लगिन गिटमध्ये (कोडचे बदल जपणारा प्रोग्राम), खासगी रिपॉझिटरीत, म्हणजे साठ्यात. डब्ल्यूपी-कॉन्फिग (वर्डप्रेसची सेटिंगची फाइल) आणि डम्प तिथे नकोत, त्यात पासवर्ड आणि ग्राहकांची माहिती असते. फोटोंसाठी रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्राम: नेटवरच्या साठ्यात पहिल्यांदा सगळं, नंतर फक्त बदललेला भाग पाठवते, तेही कूटबद्ध करून. पहिले ३० जीबी तुमच्या नेटवर पंधरा दिवस खातील. मधेच तुटलं तरी पुन्हा चालवल्यावर वर गेलेला डेटा परत पाठवत नाही. रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. तो हरवला तर बॅकअप कोणालाच उघडता येत नाही.

दारव्हा_वेब:
बॅकअप नीट आला का हे परत टाकून पाहायचं, तर ते याच एक्झॅम्पमध्ये का?

टेबलवाला:
चालते, पण डेटाबेस नव्या नावाचा करा, चालू साइटवर टाकू नका. त्यातला साइटचा पत्ता बदलायला डब्ल्यूपी-सीएलआयचं (वर्डप्रेसला आज्ञा देणारं साधन) सर्च-रिप्लेस वापरा. डम्प नोटपॅडमध्ये उघडून पत्ता बदलाल तर वर्डप्रेसने सिरियलाइज करून (प्रत्येक मजकुराच्या लांबीसकट) ठेवलेल्या सेटिंगांत अक्षरांची संख्या चुकते अन् विजेट गायब होतात. साइट उघडली की जोडाक्षरांची एखादी जुनी पोस्ट वाचून पाहा, आणि जुने दोन फोटोही.