पॅरिसला सहा दिवस, स्केचबुक घेऊन: काय बघावं आणि फ्रेंच किती शिकावं?

रंकाळा_पेस्टल (कोल्हापूर): आमच्या लँडस्केप ग्रुपमधले तिघे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पॅरिसला जाणार, शनिवार ते गुरुवार. मोने, देगा, व्हॅन गॉग बघायचेत, समोर बसून स्केचही करायचंय. लूव्रला दोन दिवस आणि जिव्हर्नीला एक, हे बरोबर आहे का? संग्रहालयात स्केच करू देतात का? तीन महिन्यांत कामापुरतं फ्रेंच जमेल का?

जलरंग_मंगळवारपेठ: तिकिटं काढली नसतील तर आधी तारखा पुढे ढकला. जिव्हर्नीची मोनेची बाग १ एप्रिलला उघडते आणि १ नोव्हेंबरला बंद होते. मार्चमध्ये गेलात तर फाटकावरूनच परत. सें-लाझार स्टेशनवरून व्हेर्नोंची गाडी धरायची, पाऊण तासाच्या आसपास लागतो, पुढे बस.

लूव्रला दोन दिवस नकोत. तिथली चित्रं साधारण १८४८ पर्यंतची. तुमचे तिन्ही चित्रकार ओर्से संग्रहालयात आहेत. मोनेचं 'इम्प्रेशन, सनराइज' मात्र ओर्सेत नाही, ते मार्मोतां मोने संग्रहालयात (मेट्रो ९, ला म्युएत). लूव्र आणि ओरांजरी संग्रहालय मंगळवारी बंद, ओर्से आणि मार्मोतां सोमवारी. मंगळवारी लूव्रची गर्दी ओर्सेत उतरते, म्हणून ओर्सेला गुरुवारी संध्याकाळी जा, रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी ओर्से फुकट असतं, पण स्केच करणाऱ्याने त्या दिवशी जाऊच नये. लूव्रला म्युझियम पास असला तरी वेळेचं बुकिंग वेगळं करावं लागतं. हे विसरलं की दारातच दिवस जातो.

सोमवारी सकाळचा पहिला स्लॉट ओरांजरीचा घ्या. लंबगोल दोन दालनं, त्यांत मोनेची कमळं, सुमारे दोन मीटर उंच, भिंतीच्या वळणाबरोबर वळत गेलेली. उजेड छतातून येतो. ढग सरकला की जांभळ्याच्या खालचा हिरवा वर येतो, ऊन पडलं की पुन्हा दबतो. अर्धा तास बाकावरून हलू नका. निघण्याआधी आपल्या कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममधली आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रंही परत बघून घ्या. दोघांनीही पाण्याचा उजेड जीव ओतून रंगवलाय.

चारकोल४१६: स्केच करू देतात, पण पेन्सिल आणि लहान वही एवढंच. रंग, शाई, ईझल नाही. रंगात कॉपी करायची तर लूव्रची आगाऊ परवानगी लागते. चारकोल आणि पेस्टलची पूड उडते, म्हणून ते बॅगेतून काढूच नका. ए-५ वही आणि २बी, ४बी पुरे. वाट अडवून उभं राहिलात तर पहारेकरी उठवतात, तेव्हा बाक धरा.

फ्रेंचवाली_ताई: तीन महिन्यांत ए-१ चा, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचा, निम्मा भाग होतो, रोज तासभर दिलात तर. पुण्याच्या आलियाँस फ्राँसेझचे वर्ग बघा. आपला फायदा असा की फ्रेंच t आणि d म्हणजे सरळ आपले त आणि द. इंग्रजीच्या सवयीने ट, ड केलंत की ऐकणारा गोंधळतो. अडतो तो u. 'ई' म्हणत ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल करा. हा स्वर 'ऊ' झाला की 'वर'चं 'खाली' होतं: dessus आणि dessous एवढ्यानेच वेगळे आहेत.

आकड्यांची भीती नको. ८० म्हणजे चार विसा, आपली जुनी माणसं मोजायची तसंच. ९२ म्हणजे चार विसा आणि बारा. किमती कानावर पडायला वेळ लागतो, म्हणून ६० ते ९९ रोज मोठ्याने म्हणा.

दुकानात शिरताना आधी 'बोंझूर', मग प्रश्न. ते न म्हणता थेट किंमत विचारणं तिथे उद्धटपणा समजतात. अनोळखी माणसाला नेहमी vous, म्हणजे आदरार्थी 'तुम्ही'.

रंकाळा_पेस्टल: ताई, दादा, मनापासून आभार. तारखा एप्रिलात नेतो. पेस्टल तिथून घ्यावेत का?

चारकोल४१६: जरूर घ्या. के व्होल्तेर या रस्त्यावर सेनेलिएचं १८८७ पासूनचं रंगसाहित्याचं दुकान आहे, ओर्सेवरून चालत जाता येतं. सुट्या कांड्या मिळतात, तेव्हा आख्खी पेटी न घेता आपल्याकडे न मिळणारे करडे आणि फिके हिरवे निवडा. कांड्या फोममध्ये गच्च बसवून हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकल्या तर चुरा होतो. पेस्टलची पूड कागदावर पक्की करणारा फिक्सेटिव्हचा स्प्रे ज्वलनशील, विमानात चालत नाही. म्हणून झालेल्या पेस्टल चित्रांमध्ये बटर पेपर घाला आणि दोन पुठ्ठ्यांत घट्ट बांधा, कागद एकमेकांवर घासता कामा नयेत.