मुलाच्या लग्नाचा खर्च: काना गावचे सहा रांजण आणि आमचे आठ काउंटर

वाडीवाला_निर्मळ
जानेवारीत धाकट्याचं लग्न. आम्हा कॅथलिकांना नाताळआधीचा आगमनकाळ संपेपर्यंत थांबायचं, पुढे लगेच ईस्टरआधीचा उपवासकाळ, म्हणून अख्ख्या वसईची लग्नं मधल्या त्या थोड्या आठवड्यांत कोंबलेली. हॉलवाले हे चांगलं ओळखून आहेत. काल मुलाने हिशेब दाखवला: २१ लाख ६० हजार. बाराशे माणसं, जेवणाचे आठ काउंटर, ड्रोन, वर लग्नाआधी गोव्याला जाऊन शूटिंग. नुसती पत्रिका १४० रुपयांना एक!

पैसे आहेत, हेच दुखणं. दोन वर्षांपूर्वी विहिरीकडची वाडी बिल्डरला दिली. माझे वडील पहाटेच्या लोकलने दुधाचे कॅन घेऊन मुंबईला जायचे. माझं लग्न त्यांनी अंगणात केलं. बांबू शेजाऱ्यांचे, पातेली शेजाऱ्यांची.

रविवारी फादरांनी बायबलमधल्या लूकच्या बाराव्या अध्यायावर प्रवचन दिलं. कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेला तो धनवान, आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. बायकोने मला कोपराने ढोसलं. घरी आल्यावर मुलगा म्हणतो, "पप्पा, तो साठवत होता, आपण खर्च करतोय. आणि काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला तो काय मापून केला?" सहा दगडी रांजण, एकेकात दोन-तीन मण. मला उत्तर सुचेना. थाटामाट म्हणजे पाप का हो?

नगरचा_मास्तर
आम्ही प्रोटेस्टंट, तरी सांगतो. काना गावात द्राक्षारस संपला होता, यजमानाची लाज राखली गेली. तो आला कुठून हे चाकरांखेरीज भोजनकारभाऱ्यालासुद्धा कळलं नाही. तुमच्या ड्रोनचं तसं आहे का? लूकचाच चौदावा अध्याय काढा: मेजवानी दिलीस तर श्रीमंत शेजाऱ्यांना नको, गरीब, लंगडे, आंधळे यांना बोलाव, कारण ते तुला परतफेड करू शकत नाहीत. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली, त्याचा पैशाच्या वापरावरचा उपदेश १७६० सालचा आहे. होईल तेवढं मिळवा, होईल तेवढं वाचवा, होईल तेवढं द्या. आमची मंडळी दुसऱ्या वाक्यालाच 'आमेन' म्हणून मोकळी होतात.

पापडीची_पोर
मास्तर, थोडं थांबा. बेथानी गावात मरिया नावाच्या बाईने जटामांसीचं तेल येशूच्या पायांना लावलं, तीनशे दिनारांचं. मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. "गरिबांना का नाही दिलं?" असं कोण म्हणालं? यहूदा, येशूला पुढे धरून देणारा शिष्य. योहान त्याच्या शुभवर्तमानात तर सरळ लिहितो की पैशांची डबी त्याच्याकडे असायची आणि तो त्यातलं चोरायचा. येशूने तिचीच बाजू घेतली. त्यामुळे दुसऱ्याच्या खर्चावर गरिबांच्या नावाने बोलणारा दिसला की मी आधी डबी कुणाकडे आहे ते बघते.

पण काका, मे महिन्यातल्या एका लग्नातलं सांगते. हात धुवायला हॉलच्या मागे गेले. जनरेटरजवळ दोन वारली मावश्या, यजमानांच्या वाडीत कामाला असलेल्या, पाण्याच्या उलट्या क्रेटवर ताट ठेवून जेवत होत्या. जनरेटर इतका धडधडत होता की एकमेकींशी खुणांनी बोलत होत्या. पुढे लाइव्ह पास्ता. प्रेषित पौलाने पत्रात करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला झापलं ते नेमकं ह्यावरूनच: प्रभूच्या भोजनाला जमता आणि एक उपाशी, दुसरा झिंगलेला.

हप्तेवाला
बायबल मला फार कळत नाही. लग्न २०१९ ला, कर्ज काढून. पोरगी शाळेत जाते, हप्ते चालूच आहेत. व्हिडिओ एकदा बघितला. पेन ड्राइव्ह कुठे आहे ते बायकोला विचारू नका.

वाडीवाला_निर्मळ
पोरी, तुझं वाचून बाराशेची यादी काढून बसलो. आमच्या वाडीत पंचवीस वर्षं केळी आणि पानवेल शिंपणारी मावशी त्यात नाही. मुलाला विचारलं, तर "कामवाल्यांना तोंडी सांगू ना नंतर." ह्याला लहानपणी ताप आला की हीच खांद्यावर घेऊन वाडीभर फिरायची.

गोवा रद्द. काउंटर आठाचे चार. ड्रोनवर मात्र मायलेक एक झाले, तिथे मी हरलो. आकडा सोळा लाखांवर आलाय, तोही मला जडच वाटतो. श्रीमंतांच्या थाटामाटाला झापणाऱ्या जुन्या संत क्रिसोस्तोमचे चाहते कुणी असतील तर त्यांनी गप्प बसावं, मला माहीत आहे ते काय म्हणतील.

उद्या सकाळी पाड्यावर जातोय, १४० वाली पत्रिका घेऊन. मुलगा गाडी चालवणार. मावशीला वाचता येत नाही, तेव्हा तारीख आणि वेळ त्यानेच सांगायची, आणि पहिल्या पंगतीला बस म्हणूनही.