शहरातल्या प्रत्येकाची स्लीप ॲप्नियासाठी तपासणी व्हावी का?

रातराणी:
स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकणं. मला वाटतं बीपी-शुगर बघतात तसं शहरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला झोपेबद्दलही विचारायलाच हवं. नवरा कित्येक वर्षं घोरायचा, आम्ही म्हणायचो दमलाय, गाढ झोप लागलीय. एका रात्री मी जागी होते तर घोरणं एकदम बंद, श्वासच नाही, मी मनात मोजतेय बारा, तेरा, चौदा... आणि मग गुदमरल्यासारखा दचकून श्वास घेतला त्याने. स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेतला श्वास तपासायच्या टेस्टमध्ये, तासाला 38 वेळा श्वास अडकतो असं निघालं, 30 च्या वर गंभीर धरतात. त्याआधी दोन वर्षं बीपीच्या गोळ्या नुसत्या वाढत होत्या, झोपेचं कोणी विचारलंच नाही! याचा धोका ओळखायला स्टॉप-बँग नावाच्या यादीत आठ हो-नाही प्रश्न आहेत, दोन मिनिटं लागतात.

उलटतपासणी:
तुमची ती रात्र कशी गेली असेल कळतंय, पण सरसकट सगळ्यांना नको. त्या आठ प्रश्नांत पन्नाशीपुढचा पुरुष म्हटलं की दोन मार्क तिथेच, त्यात बीपी असला की तीन, झाला मध्यम धोका, मग तो घोरत नसला तरी. एवढ्या लोकांना स्लीप स्टडीला पाठवलं तर ज्यांना खरंच गरज आहे ते रांगेत मागे पडतील. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सनेही 2022 मध्ये म्हटलंय की काही तक्रार नसलेल्यांची तपासणी करावी की नाही हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. आणि हृदयविकार किंवा स्ट्रोक होऊन गेलेल्यांवर सेव्ह नावाची मोठी ट्रायल झाली, 2016 ला आली, त्यात सीपॅपने (झोपताना मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं मशीन) हार्ट अटॅक-स्ट्रोक कमी झालेले दिसले नाहीत.

रातराणी:
त्या ट्रायलमध्ये लोक मशीन रात्रीचे सरासरी 3.3 तासच लावत होते आणि दिवसा फार पेंगणाऱ्यांना घेतलंच नव्हतं, हेही सांगा ना. आणि "तक्रार नाही" म्हणजे काय हो? झोपलेल्या माणसाला कळतं का आपला श्वास थांबला ते? शहरात तर थकवा आला की प्रवासावर नाहीतर ऑफिसवर ढकलून मोकळे.

एकटी_जीव:
मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. मी बाई, वजन बेताचं, मेनोपॉजनंतर सकाळी डोकं दुखायचं, रात्री सारखी जाग यायची. मी एकटी राहते, घोरते का, श्वास थांबतो का, हे बघणार कोण? त्या यादीत मला थकव्याचा आणि वयाचा मिळून दोन मार्क, म्हणजे कमी धोका, आणि टेस्टमध्ये तासाला 22 निघाले. ती यादी सगळ्यांना वाटली असती तरी मी सुटलेच असते. डॉक्टरांनी थकवा आणि सकाळची डोकेदुखी ऐकल्यावर तरी, विशेषतः बायकांच्या बाबतीत, झोपेचा विचार करावा एवढंच मागणं आहे.

उलटतपासणी:
हे मान्य, तक्रार घेऊन आलेल्याला नीट विचारा, त्यात माझा वाद नाहीच. सक्ती करायचीच तर आधी बस-ट्रक चालवणाऱ्यांची करा, तिथे डुलकी लागली तर दुसऱ्यांचा जीव जातो.

स्टिअरिंग:
मी स्वतः ड्रायव्हर आहे. प्रश्नांचा कागद दिलात तर सगळे "नाही"वरच खूण करतील, नोकरी जायची भीती असते. घरी लावायचं टेस्टचं मशीन द्या आणि उपचार घेतले की गाडी परत हातात मिळेल असं आधी लेखी द्या, मग बघा किती जण आपणहून येतात.