मदत हवी आहे : सोलापुरात रायफल दुरुस्त करणारा परवानाधारक कारागीर

वडिलांच्या नावावर पीकसंरक्षणासाठी परवाना असलेली इशापूरच्या सरकारी कारखान्याची .315 बोअरची रायफल आहे, मूळ आजोबांची. सीनेला पूर आला तेव्हा गावच्या घरात कपाट दोन दिवस पाण्यात होतं. आता बोल्ट (गोळी आत ढकलून नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता भाग) अर्ध्यात अडकतो, मुठीजवळ दस्त्याला बोट जाईल एवढी चीर पडलीय आणि नळीत बॅटरी मारून बघितलं तर गंजाचे खड्डे दिसतात. नळी किंचित फुगल्यासारखीही वाटते, म्हणून गोळी घालून बघायचा प्रश्नच नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला ओळखीचा लेथवाला म्हणाला, "द्या की ओ, बोल्ट वेल्डिंग करून घासून देतो." मी हात जोडले. वेल्डिंगच्या उष्णतेनं बोल्टचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं तर गोळी झाडताना तो तोंडावरच यायचा! शिवाय 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दुरुस्तीही गुन्हाच. (दस्ता मात्र आमच्या सुताराकडून करून घ्यावा म्हणतो. चालेल का?)

सोलापुरात नाहीतर पुण्यात परवाना असलेला, स्वतःचं मशीन शॉप असलेला कारागीर माहीत आहे का? वडिलांना प्रवास झेपत नाही. त्यांच्याऐवजी मी रायफल नेली तर कुठली कागदपत्रं लागतील? नळीच बदलावी लागली तर परवान्यावर नोंद कशी होते?