देवावर विश्वास राहिला नाही अन् घरच्या महालक्ष्म्या माझ्याकडे आल्या, काय करू?

यवतमाळ जिल्ह्यातलं लहान गाव आहे. बाबा गेल्या वर्षी गेले, मोठा मुलगा म्हणून भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या पूजेला यंदापासून मलेच बसायचं आहे. आंबील, पुरणपोळी, १६ भाज्या, अर्धं गाव जेवायला. पण माझा देवावरच विश्वास राहिला नाही, रागातून नाही, चार-पाच वर्षं विचार करून. लहानपणी नैवेद्य दाखवून पडदा ओढायचे, देवी जेवते म्हणून आम्ही चुपचाप बसायचो, पडदा सरकला की पोळी जशीच्या तशी, तवापासून हा प्रश्न डोक्यात आहे.

मायशी बोललो, ती रडली, दोन दिवस नीट जेवली नाही. लहान भाऊ पुण्याला, त्याले सुट्टी नाही. काकांना गाडगेबाबांचं उदाहरण दिलं तर ते म्हणे गाडगेबाबा 'गोपाला गोपाला' भजन करत, नास्तिक कुठं होते? बरोबर आहे, ते सोडलं. संविधानाचं कलम २५ (धर्माचं अन् विवेकाचं स्वातंत्र्य) माहीत आहे, पण मायसमोर कलम काय वाचू?

वेगळं राहायचं नाही, मायले बीपी आहे, अन् पूजेचा खोटा संकल्प मले करायचा नाही. देव आहे की नाही हा वाद इथं नको प्लीज.

ज्यांच्या घरी असं झालं त्यांनीच सांगा, स्वयंपाक, मखर, पंगत सगळं मी करून पूजेला मायलाच बसवलं तर जमतं का (काका म्हणतात विधवा बाई चालत नाही, माझ्या मते पहिला हक्क तिचाच), आणि तुम्ही मायले हे नेमकं कोणत्या शब्दांत सांगितलं?